रिहर्सलमध्ये झालेला मितान

मी ज्याचा सर्वांत जास्त ऋणी आहे त्याचं नाव मितान. रेशनकार्डावर त्याचं दुसरं नाव आहे, पण ते मी घेत नाही आणि इथे लिहिणारही नाही. का, ते पुढे येईलच. आपल्या मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं होतं, "सिनेमातल्या कामाच्या गमती लिहा." गमती तर लिहितोच. पण माझ्या कामातली सगळ्यांत मोठी गंमत ही आहे, आणि ती आठवली की अजूनही मला खुर्चीत बसवत नाही, उठून दोन फेऱ्या माराव्या लागतात.

आधी काम काय ते सांगतो. मी लोकेशन मॅनेजर आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, होते. मी बी.ए. झालो तेव्हा त्यांनी क्वार्टरच्या सगळ्या ओळीत पेढे वाटले आणि प्रत्येक दारात सांगितलं की आता पोरगा टेबलामागे बसणार. मी टेबलामागे कधीच बसलो नाही. मी काय करतो हे त्यांना बरेच दिवस कळलं नव्हतं. आता कोणी विचारलं तर म्हणतात, "सिनेमावाल्यायले गावं दाखवते." यापेक्षा चांगली व्याख्या मलाही सुचलेली नाही.

दिग्दर्शकाच्या कागदावर लिहिलेलं असतं : एक तळं, काठावर वड, मागे पाच-सहा घरं. ते तळं खरोखर कुठे आहे हे शोधणं माझं काम. मग सरपंचांना भेटायचं, पंचायतीचा ठराव घ्यायचा, पोलीस ठाण्यात पत्र द्यायचं. जनरेटर कुठे उभा केला तर त्याचा आवाज येणार नाही, दुपारी ऊन कोणत्या झाडामागे जातं, गावात कोणाच्या घरी लग्न आहे आणि कोणता कोंबडा अवेळी आरवतो, हे सगळं माझ्या वहीत असतं. युनिट येण्याआधी मी जातो आणि युनिट गेल्यावर शेवटचा कागदी कप उचलून निघतो. माझं भांडवल म्हणजे तीन भाषा. घरात नागपूरकडची मराठी, शाळेत हिंदी आणि रस्त्यावर छत्तीसगढी. शाळेत ज्या सरमिसळीबद्दल मार खाल्ला, तिच्यावरच आज पोट चालतं.

चुकाही भरपूर केल्या. जामुलच्या बाजूला एका सिमेंटच्या जाहिरातीसाठी मातीच्या पडक्या भिंतींची गल्ली हवी होती. मी सुंदर गल्ली शोधली आणि सरपंचांना उत्साहाच्या भरात सांगून बसलो की मुंबईहून फार मोठे लोक येणार आहेत. आमचे ट्रक पोचले तेव्हा अख्खी गल्ली गुलाबी रंगवलेली. ओटेसुद्धा. सरपंच हात जोडून म्हणाले, "पाहुणे येणार आणि भिंती तशाच ठेवायच्या?" कंपनीचे साहेब त्या गुलाबी ओट्यावर बसले आणि उठले तेव्हा त्यांची पँटही गुलाबी झाली होती. त्या दिवसापासून मी कोणत्याही गावात "मोठे लोक" हा शब्द वापरत नाही. दुसऱ्या एका साहेबांना म्हशी नसलेलं तळं हवं होतं. तीन तास खपून आम्ही म्हशी हाकलल्या. साहेबांनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि म्हणाले, "ओकं वाटतंय. दोन म्हशी आणा ना."

आणि एक खोटं मी प्रत्येक गावात बोलत आलो. पॅकअपच्या दिवशी लोक विचारतात, "आता परत कधी?" मी म्हणायचो, "येऊ की!" आमच्या धंद्यात सगळेच तसं म्हणतात. कोणी परत जात नाही.

आता तो सिनेमा. इरावती मॅडम पुण्याच्या. त्यांनी भिलाईतल्या जुनवानीच्या एका हॉटेलात मला गोष्ट ऐकवली तेव्हा मी चहा प्यायचा विसरलो. बाटलीबंद पाण्याची एक मोठी कंपनी असते. तिला एका गावाचं तळं हवं असतं. तळं ज्या मासेमाराच्या ताब्यात आहे त्याची सही आणायला कंपनी एका अधिकाऱ्याला पाठवते. अधिकारी येतो, सहीसाठी गोड बोलतो, गावात रुळतो आणि त्या मासेमाराशी त्याची खरी दोस्ती जमते. हसत हसत जाणारी गोष्ट, पण शेवटी रडवणारी. मी तर तिथेच म्हटलं, "मॅडम, हे तळं मले माहीत आहे!"

खरंच माहीत होतं. भिलाईपासून गाडीनं पाऊण तास. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या महिन्यात तिथे दहा युनिटं जाऊन बसतील.

मॅडम तळं बघायला आल्या तेव्हा एक माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहून जाळं फेकत होता. जाळं हवेत गोल उघडलं, क्षणभर तसंच थांबलं आणि पाण्यावर पडलं. मॅडम म्हणाल्या, "मला नट नको. हाच."

तो बाहेर आला. अंगावरून पाणी निथळत होतं. त्यानं छत्तीसगढीत विचारलं, काम काय करायचं? मी म्हटलं, तू करतोस तेच. तो म्हणाला, "मग त्यासाठी तुम्ही लोक एवढ्या गाड्या घेऊन कशाला आलात?"

गोष्टीत मध्यावर एक प्रसंग होता. अधिकारी आणि मासेमार 'मितान बदतात'. आपल्या वाचकांपैकी बरेच जण इथलेच आहेत, त्यांना माहीत असेल, बाहेरच्यांसाठी सांगतो. छत्तीसगढमध्ये दोन मित्र विधी करून एकमेकांचे मितान होतात. जात कोणतीही असो. त्यानंतर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, फक्त मितान म्हणायचं. एकाचे आईबाप ते दुसऱ्याचे आईबाप. लग्न, बाळंतपण, मयत, सगळ्याला जायचं. हे नातं जन्मभराचं, आणि पुढची पिढीही ते पाळते.

मला हा प्रसंग अगदी खरा दिसायला हवा होता. मी मॅडमना म्हटलं, गावातल्याच बैगांना बोलावू. बैगा म्हणजे गावचा पूजा करणारा. नारळ खरे, हळदीचे तांदूळ खरे, गाणाऱ्या बायका गावच्याच. मॅडम खूश. माझी छाती फुगली होती. तिथेच मी फसलो.

शूटिंगच्या आदल्या दुपारी रिहर्सल ठेवली. अधिकाऱ्याचं काम करणारे मोठे नट, त्यांना आम्ही सगळे हिरो साहेबच म्हणायचो, दुसऱ्या दिवशी पोचणार होते. माझी उंची त्यांच्याएवढीच. कॅमेरामन म्हणाले, "मेश्राम, तू बस त्यांच्या जागी, अँगल बघून घेतो."

मी बसलो. समोर मासेमार. बैगांनी मला वय विचारलं. मासेमाराचं आणि माझं वय एकच निघालं, तेव्हा त्यांनी समाधानानं मान हलवली. मला वाटलं, सहज विचारतायत. मग त्यांनी आमच्या कपाळांना हळदीचे तांदूळ लावले, काही शब्द म्हणायला लावले, आमच्या हातातले नारळ बदलले, खांद्यावरचे गमछे बदलले. बायका गायला लागल्या. कॅमेरामन ओरडत होते, "उजवा खांदा थोडा मागे! हां, तसाच राहा!" कोणीतरी खोबऱ्याचे तुकडे सगळ्या गावात वाटले. मी मनात म्हणत होतो, वा, गावकरी काय सुंदर काम करतायत!

घरी गेलो तर बाबा दारात. "कपाळाले काय लावून आला?"

आमच्या घरी बुद्धवंदना होते. टिळा, नारळ, पूजा यातलं आम्ही काही मानत नाही. मी म्हटलं, "शूटिंगचं आहे, बाबा."

"मंग धुऊन टाक."

मी धुऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरो साहेब तयार होऊन पाटावर बसले. लाइट लागले, बायका जमल्या, मासेमार समोर येऊन बसला. सहाय्यकानं त्याच्या हातात नारळ दिला. त्यानं नारळाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि उठून उभा राहिला.

"क्या हुआ?" हिरो साहेबांनी विचारलं.

तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ओ साहेब आय. मोर मितान त ए आय." ते साहेब आहेत, माझा मितान तर हा आहे.

सगळं युनिट हसलं. मीही हसलो. ते हसणं मला आजही टोचतं, कारण तो हसत नव्हता.

मी बैगांकडे धावलो. "महाराज, काल तर नुसती रिहर्सल होती! खरं आज करायचं होतं!"

बैगांना माझ्या अज्ञानाची कीव आली. "आज के दिन बने नइ हे," ते म्हणाले. "बने दिन काली रिहिस. फोटू त आजो खींच लेहू." म्हणजे आजचा दिवस चांगला नाही, चांगला दिवस कालचा होता, फोटो काय, आजही काढता येतील. त्यांच्या बाजूनं त्यांचं अगदी बरोबर होतं. विधी विधीच्या दिवशी झाला. कॅमेऱ्याला दिवस कुठे लागतो?

मॅडमनी मला वडाखाली बाजूला घेतलं. हिरो साहेबांच्या तारखा तीनच दिवस होत्या. हा प्रसंग नाही तर सिनेमाच नाही. त्या रागावल्या नव्हत्या, उलट हळू आवाजात बोलत होत्या आणि त्यामुळे जास्त भीती वाटत होती. "मेश्राम, तुम्ही त्याला एकच वाक्य सांगा. कालचं खरं नव्हतं. तुम्ही सांगितलंत तर तो ऐकेल. आणि तुम्ही तर हे सगळं मानतही नाही ना?"

प्रॉडक्शनचे सूद साहेब शेजारीच उभे होते. ते हिंदीत म्हणाले, "नाहीतर दुसरं गाव बघू. आणि गाव शोधायला दुसरा माणूस."

माझा तो पहिला मोठा सिनेमा होता. खरं सांगतो, मी ते वाक्य बोलायला निघालो. तळ्याच्या काठानं चालताना ते छत्तीसगढीत तीनदा म्हणून पाहिलं. छोटंच होतं. आणि त्यात खोटंही काही नव्हतं, मी मानतच नव्हतो.

त्याच्या दारात पोचलो तर त्याची बायको, म्हणजे आता माझी मितानीन, लोटाभर पाणी घेऊन पुढे आली. पाय धुवायला. मी पहिल्यांदाच मितान म्हणून घरी आलो होतो. आत दोरीवर कालचा माझा गमछा घडी घालून ठेवलेला. तो आमच्या कपडेपटाचा होता आणि कपडेपटाचे दादा सकाळपासून त्याच्या नावानं शंख करत होते! मी काही बोलणार तोच शेजारची एक म्हातारी कुडाच्या पलीकडून मान उंचावून म्हणाली, "ए कोन आय गा? का जात आय?"

हा कोण, जात कोणती? हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. कधी शाळेत, कधी भाड्याची खोली शोधताना, कधी जेवणाच्या पंगतीत. त्याला मी पुष्कळ प्रकारची उत्तरं दिली आहेत. काही ताठ मानेनं, काही खाली बघून. त्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत तो माणूस जाळं विणता विणता, मानही न वळवता म्हणाला, "मितान आय."

म्हातारीचं समाधान झालं. ती आत गेली.

मी तिथे ओट्यावर बसून राहिलो. ते वाक्य माझ्या तोंडात होतं आणि ते बाहेर येईना. शेवटी मी वेगळंच विचारलं. "मितान, एकदा नारळ बदलल्यावर त्याच मितानाशी पुन्हा बदलता येतो का?"

"दर साल बदलतो की."

"दिवसातून दहादा?"

तो हसला. "तुझ्याकडे तेवढे नारळ असतील तर."

मी उठलो आणि अक्षरशः पळत सुटलो! एका चपलेचा अंगठा तुटला, ती हातात घेतली. वडाखाली पोचून धापा टाकत मॅडमना म्हटलं, "मॅडम, मले ते वाक्य नाही जमत. पण सीन होते!" जाहिरातींमध्ये मी पाहिलं होतं : समोरासमोरचे दोघं एकाच वेळी बसलेले असावेच लागतात असं नाही. मितानचा चेहरा घ्यायचा तेव्हा त्याच्यासमोर मी बसेन, साहेबांचा शर्ट घालून. कॅमेऱ्याला फक्त माझी पाठ, खांदा आणि हात दिसतील. साहेबांचा चेहरा घ्यायचा तेव्हा त्यांच्यासमोर कोणालाही पाठमोरं बसवा. पडद्यावर दोघं समोरासमोरच दिसणार.

मॅडम माझ्या हातातल्या चपलेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सूद, नारळ मागवा. पोतंभर."

साहेबांचा शर्ट मला पोटावर बसेना. पाठीमागे उसवून पिना लावल्या, पण कॅमेऱ्यात तर पाठच दिसणार होती, म्हणून पुढून उसवला. अकरा टेक झाले. अकरा वेळा आम्ही नारळ बदलले आणि अकराही वेळा तो तितक्याच आनंदानं माझ्याकडे बघत होता. दरवेळी म्हणायचा, "सीताराम, मितान." आणि मी सवयीनं म्हणायचो, "जय भीम, मितान." मॅडम म्हणाल्या, "तुमचा आवाज नंतर काढून टाकू, बोलत राहा." मोठ्या पडद्यावर जे हात दिसतात ते माझे आहेत. पुढच्या वेळी नीट बघा, डाव्या हाताच्या अंगठ्याला त्या तुटक्या चपलेच्या खिळ्यानं झालेली जखम आहे.

शेवटच्या दिवशी शेवटचा प्रसंग होता. कंपनीनं अधिकाऱ्याला परत बोलावलेलं असतं, आणि पंचायतीसमोर मासेमार त्याच्यावर भडकतो. लांबलचक, संतापलेला संवाद. मितानला तो पाठ होता, पण साहेबांकडे बघून तो पाढे म्हटल्यासारखा म्हणायचा. चार-पाच टेक वाया गेले. ऊन उतरायला लागलं. मॅडमनी साहेबांना बाजूला बसायला सांगितलं आणि मला कॅमेऱ्याला चिकटून उभं केलं. "त्याला मेश्रामकडे बघून बोलू दे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. कॅमेरा चालू होता. तो काहीच बोलेना. मागे आमची माणसं ट्रकमध्ये सामान चढवायला लागली होती, ते त्याला दिसत होतं. सगळा संवाद बाजूला राहिला आणि तो अगदी हळू, घरात विचारावं तसं म्हणाला,

"तहूँ चल देबे का, मितान?"

तूही निघून जाशील का?

कॅमेरा चालू असताना बोलायचं नसतं. हे आमच्या कामातलं पहिलं शिक्षण. मी बोललो नाही. तो वाट बघत राहिला. मग त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं आणि चालू लागला. मॅडमनी कट म्हटलं नाही, तो चौकटीतून बाहेर जाईपर्यंत. मग त्यांनी डोळे पुसले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला खांद्यावर उचललं. त्या गडबडीत मी त्याच्यामागे गेलो नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मला बस्तरला नव्या कामासाठी निघायचं होतं. निघालो. एका कामातून दुसरं निघत गेलं. फोन करायला हवा होता, पण फोन उचलून तो तेच पुन्हा विचारेल असं वाटायचं.

सिनेमा लागला. जुनवानीच्या मॉलमधल्या थिएटरमध्ये गावासाठी खास खेळ ठेवला होता. सूद साहेबांनी बस पाठवली, छापील निमंत्रणं पाठवली. काय तो दिवस! गावातली पोरं पडद्यावर स्वतःला बघून खुर्च्यांवर उभी राहत होती, बैगा स्वतःच्याच मंत्राबरोबर मंत्र म्हणत होते, बाबा माझे हात ओळखून शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "हे आमच्या पोराचे." लोक पोट धरून हसले. आणि शेवटी तो प्रश्न आला तेव्हा थिएटरमध्ये एसीचा आवाज ऐकू येत होता. त्यानंतर पडद्यावर फक्त हिरो साहेबांचा गप्प चेहरा. लोक म्हणाले, काय अभिनय!

बस भरून आली होती, पण मितान आला नव्हता. त्याची बायको आली होती. बाहेर मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मितानाला कोणी बसनं बोलावतं का? तुम्ही यायला हवं होतं." मग म्हणाली, "त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही. सिनेमातपण नाही आलं."

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं, टिळ्यापासून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मले आधी कावून नाही सांगितलं? आपण पूजा नाही मानत. माणूस तं मानतो ना?"

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं उजाडल्यावर मी पत्र लिहिलं. फोन असताना पत्र कशाला, तर मध्येच माझा धीर सुटला तरी कागद पूर्ण करता येतो म्हणून. त्याला वाचता येत नाही, पण त्याची बायको वाचून दाखवते. पाकिटावर त्याचं नाव लिहायचं होतं आणि मला ते लिहिता येत नव्हतं. बाबांनी पेन घेतलं. मुलाचं नाव बापाला घ्यायला हरकत नाही, असं म्हणून त्यांनी ते आपल्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं. पत्र छत्तीसगढीत होतं. इथे मराठीत देतो.

*

मितान,

सीताराम. जय भीम.

तू मला विचारलं होतंस, तूही निघून जाशील का. तेव्हा कॅमेरा चालू होता म्हणून मी बोललो नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. पण कॅमेरा बंद झाल्यावरही मी बोललो नाही. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर "हो" होतं, म्हणून. मी गेलो. मी सगळ्याच गावांतून असा जातो.

अजून एक सांगायचं आहे. त्या दिवशी मी तुझ्या घरी आलो तो "कालचं खरं नव्हतं" असं सांगायला आलो होतो. मितानीननं पाय धुवायला पाणी दिलं आणि तू त्या आजीला उत्तर दिलंस, म्हणून माझ्या तोंडून ते निघालं नाही. तू नसता बोललास तर मी बोललो असतो. हे तुला माहीत असावं. माहीत झाल्यावरही तुला मितान म्हणायचं असेल तर म्हण.

पूजेत आजही माझा विश्वास नाही. तुझ्यावर आहे.

येत्या रविवारी मी येतो. बाबा येतात, आई येते, घरचे सगळे येतात. बाबा म्हणतात, मुलाच्या घरी जायला बस कशाला लागते, म्हणून आम्ही स्कूटर आणि रिक्षानं येऊ. माझ्याजवळ त्या पोत्यातला एक नारळ उरला आहे. तो घेऊन येतो. तुझ्याकडचा तू तयार ठेव.

कपडेपटाचा गमछा परत मागायला मी येत नाहीये, हे मितानीनला सांग.

भात जास्त टाकायला लाव. या वेळी कॅमेरा नाही, म्हणून मी पुष्कळ बोलणार आहे.

तुझा
मितान